रविवारी पाणी घालायचं नाही

पिस्कॅटवे, १० फेब्रुवारी २०२५

ती. संजयदादास,
गुरुनाथचा सा. नमस्कार.

काल सकाळी मी तुझ्या देवघरातली समई उचलली आणि एका माणसाच्या डोक्यात घातली. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळं लिहून कळवतो.

दर रविवारसारखा आंघोळ करून तुझ्या घराकडे निघालो होतो. रात्रभर बर्फ पडला होता. पार्सिपनीला पोचायला नेहमीपेक्षा बराच उशीर झाला. तू सांगितल्याप्रमाणे आधी पुढची वाट साफ करायला घेतली. वाट साफ नसली की घर रिकामं दिसतं, हे तुझं वाक्य मला पाठ आहे. फावडं घेऊन मागच्या बाजूला गेलो तर बर्फात पावलं. मागच्या दारापर्यंत गेलेली, परतलेली नाहीत.

तेव्हाच पोलिसांना फोन करायला हवा होता. मी केला नाही. पुढच्या दाराने आत शिरलो आणि सवयीने देवघरापाशी गेलो. स्वयंपाकघरातून खटखट आवाज येत होता. आत्याची ती जड समई मी दांड्याला धरून उचलली. गेल्या रविवारच्या वातीचं तेल माझ्या हातावर ओघळलं.

ओट्याशी एक माणूस पाठमोरा उभा होता. मी ओरडलो. तो वळला, हातात सुरी होती. तो माझ्या अंगावर आला आणि मी मारलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. तो फ्रिजला घासत खाली गेला. स्टीलच्या दारावर रक्ताचा पट्टा उमटला, रुंद, वरून खालपर्यंत. जबडा एका बाजूला सरकला होता. डावा डोळा डोळ्याच्या जागी नव्हता.

पोलीस आले, अँब्युलन्स आली. माणूस जिवंत आहे, शुद्धीवर नाही. आपल्यासारखाच दिसतो, चाळिशीचा असेल. समई पोलीस घेऊन गेले. माझी चौकशी झाली, सगळे सौजन्याने वागले. एकाने मला पाणी दिलं.

फरशी मी आज धुतली. तिच्या फटींत रक्त अजून आहे.

पद्मिनी आणि वेद ठीक आहेत. वहिनींना नमस्कार. त्यांना सगळं सांगू नकोस.

तुझा,
गुरुनाथ


मस्कत, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय गुरु,

अरे, तू तर वाघ निघालास! झेडपीच्या शाळेतलं पोरगं, पाटीसुद्धा हळू ठेवणारं, आणि एका फटक्यात चोर आडवा. शोभना दोन दिवस जेवलेली नाही. तुला काही झालं असतं तर मामाला मी काय तोंड दाखवलं असतं?

आता शांत डोक्याने ऐक. डिटेक्टिव्हचा मला फोन आला होता. मी सांगितलं, असल्या कुठल्याही माणसाला मी ओळखत नाही. विषय संपला. पण त्याने मध्येच विचारलं, ‘घर रिकामं आहे ना?’ आणि मी सावध झालो.

तुला माझी भानगड माहीत आहे. कंपनीने इथल्या पाण्याच्या प्लांटवर धाडलं, कंत्राट वाढत गेलं, पाहता पाहता दोन वर्षं होतील. परत प्रवेशासाठी काढलेलं रीएन्ट्री परमिट जुलैत संपतंय. ते बाहेरून वाढवून मिळत नाही. त्याच्या आत मला येऊन कायमचं राहायला हवं. इतके दिवस बाहेर राहिलेला माणूस उतरला की एअरपोर्टवरचा ऑफिसर विचारणारच: तुमचं खरं घर कुठे आहे? अमेरिकेतलं घर उघडं आहे की दुसऱ्याला देऊन टाकलं? टॅक्स भरता का? तिथे गाडी, बँक, घर सगळं चालू असलं, तर तुम्ही कामापुरते बाहेर गेलात. नसलं, तर तुम्ही अमेरिका सोडलीत आणि ग्रीन कार्ड ठेवायचा तुम्हाला हक्क नाही. इतकं साधं आहे ते, आणि इतकं नाजूक. आमची नेत्रा तिकडे क्युपर्टिनोला मावशीकडे राहून शिकते आहे. आम्हाला दारातून परत पाठवलं तर ती एकटी पडेल.

म्हणून रिकामं, व्हेकंट हा शब्द तोंडातून काढू नकोस. आम्ही येऊन-जाऊन असतो, तू भाऊ म्हणून लक्ष ठेवतोस, एवढंच म्हण. आणि तुझी ती फरशी प्रोफेशनल लोकांकडून धुऊन घे.

तुझा,
संजयदादा


पिस्कॅटवे, २४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न.

मी आता प्रसिद्ध माणूस झालो आहे. परवा मंडळाच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावलं. शाल दिली आणि नारळ दिला. नारळ हातात आला आणि मी आभार मानायचं विसरून खाली उतरलो. लोकांना वाटलं, भारावलो. सोन्यासाठी आपल्या लोकांची घरं फोडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे प्रत्येकाला माझ्याशी बोलायचं होतं. अमेय जोगळेकर म्हणाला, ‘काका, आमच्याकडेपण रविवारी एक राउंड मारा ना यार, चहा-पोहे आमच्याकडून!’ त्याची आई म्हणाली, ‘अहो, समई कुठल्या दुकानातली ते तरी सांगा.’ सगळे हसले. मीसुद्धा हसलो. गाडीत वेद म्हणाला, ‘बाबा, यू आर लिटरली फेमस.’ पद्मिनी खिडकीबाहेर बघत होती. तो नारळ तिने अजून फोडलेला नाही.

तो माणूस शुद्धीवर आला. डोळा गेला. जबडा तारांनी बांधला आहे, बोलता येत नाही. अरुण थापा नाव, नेपाळचा आहे, कुठल्याशा हॉटेलात स्वयंपाकी. पोलिसांना तुझ्या तळघरात गादी, कपडे आणि एक छोटा हीटर सापडला. ते म्हणतात, घर रिकामं पाहून गुपचूप घुसून राहत होता. घरफोडीचा गुन्हा लावला आहे. त्याच्याकडे कागदपत्रं नाहीत, म्हणजे बरा झाला की तुरुंग आणि मग हद्दपारी. त्याच्याकडे मागच्या दाराची किल्ली होती. ती कुठून आली, हे कोणालाच कळत नाही.

दादा, एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ओट्यावर अर्धा कांदा चिरलेला होता. कुकर गरम होता. चोर दुसऱ्याच्या घरात भात लावतो का?

आणि तुळस सुकायला लागली आहे. आजवर मी तिला कधी पाणी घातलं नाही. मी जातो रविवारी, आणि रविवारी तुळशीला पाणी घालायचं नाही, ही आपली रीत. मी अगदी सुरुवातीला वहिनींना हे विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘काळजी करू नका भावोजी, मी सोय केली आहे.’ दीड वर्ष तुळस हिरवीगार होती, भर थंडीतही. दर रविवारी तिला पाहून मी हात जोडायचो. खरं सांगतो, मला त्यात देवाचा हात दिसायचा. मी वेदलाही तसं सांगितलं होतं.

काल कुंडी तपासली. मला वाटलं, वहिनींनी बाटली उलटी लावली असेल किंवा नळी टाकली असेल. तसलं काहीच नाही. माती दगडासारखी झाली आहे. त्यांना विचारून कळव, सोय कुठे आहे. बिघडली असेल तर दुरुस्त करतो.

तुझा,
गुरुनाथ


मस्कत, २६ फेब्रुवारी २०२५

गुरु,

तुळशीचं जाऊ दे. नवी आणू.

किल्ली त्याने गॅरेजमधल्या खोक्यातून चोरली असणार, हे मी डिटेक्टिव्हला कळवलं आहे. तुला सरकारी वकिलाकडून बोलावणं येईल. जे पहिल्या दिवशी सांगितलंस तेच सांग: घुसलेला माणूस, हातात सुरी, अंगावर आला. एक शब्द जास्त नको. कांदा-बिंदा काढू नकोस. तू फार विचार करतोस, लहानपणापासून तुझी हीच खोड आहे.

संजयदादा


पिस्कॅटवे, १० मार्च २०२५

दादा,

तुळस गेली. काल तिची फांदी हातात घेतली, ती काडीसारखी मोडली.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. घरात तो माणूस नाही, एवढं सोडून काहीही बदललेलं नाही. तोच हीटर, तीच खिडकी, तेच ऊन. दीड वर्ष जगलेली तुळस महिनाभरात मेली.

म्हणजे पाणी तो घालत होता. एवढ्यावर मी थांबलो असतो. म्हटलं असतं, लपून राहणारा माणूस, पण श्रद्धाळू. त्यांच्याकडेही तुळस असते. पण मग वहिनींची सोय कुठे आहे? मी सगळं घर धुंडाळलं. वहिनी खोटं बोलणाऱ्या नाहीत. त्यांनी सोय केली होती म्हणाल्या, म्हणजे केली होती. आणि ती सोय नऊ फेब्रुवारीला मी फोडली.

तुम्ही त्याला ठेवला होता, दादा. किल्ली तू दिलीस. तळघराचं कुलूप उघडू नको, जुनं सामान आहे, असं मला सांगितलंस. मी रविवारी सकाळी येतो, म्हणून त्याने रविवारी सकाळी घराबाहेर राहायचं, असं त्याला सांगितलंस. त्या दिवशी बर्फामुळे हॉटेल उघडलं नसेल आणि तो अर्ध्यातून परत आला असेल. ती पावलं आत येणारी होती. जाणारी नव्या बर्फाखाली गेली होती.

हे खरं नसेल तर मला तसं एका ओळीत लिही. मी तुझे पाय धरून माफी मागेन.

गुरुनाथ


मस्कत, १३ मार्च २०२५

चि. गुरुभावोजी यांस,
शोभनाचे आशीर्वाद.

तुमचं पत्र ह्यांनी मला दाखवलं नाही. ह्यांचा मेल उघडा राहिला होता, तो मी वाचला. आता ह्यांना न सांगता लिहिते आहे.

तुम्ही ओळखलंत ते खरं आहे. थंडीत पाणी गोठून पाइप फुटायची भीती होती, घर उबदार ठेवायला आम्ही निघतानाच कोणीतरी हवं होतं. पण भाडेकरू ठेवला असं कुठे नोंदलं गेलं, तर घर देऊन टाकलं असं म्हणतील, ही ह्यांना धास्ती. म्हणून असा माणूस शोधला, जो कागद मागणार नाही आणि कुणाला सांगायलाही जाणार नाही. दिवे लावू नकोस, पुढच्या दाराने येऊ नकोस, रविवारी भाऊ येतो तेव्हा थांबू नकोस. तुम्हालासुद्धा सांगायचं नाही, कारण तुम्हाला कोणी विचारलं तर तुम्ही खरं सांगाल. हे ह्यांचे शब्द आहेत.

तुळशीचं मी त्याला फोनवर सांगितलं होतं. म्हटलं, रोज आंघोळ करून पाणी घाल, फक्त रविवारी नको. तो म्हणाला, ‘भाउजू, हाम्रो घरमा पनि तुलसी छ.’ वहिनी, आमच्या घरीही तुळस आहे. माझं एवढं एक ऐकायचा आणि त्याबद्दल कधी काही मागायचा नाही. त्याच्या बायकोचा आवाजही मी ऐकलेला आहे, तिच्याशी बोलले आहे.

ह्यांनी डिटेक्टिव्हला ‘ओळखत नाही’ म्हणून सांगितलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होते.

पोलिसांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण आपण होऊन फोन करण्याचं धैर्य माझ्यात नाही. महिनाभर मी रोज फोन हातात घेते आणि ठेवते.

तुम्ही काय कराल ते मला ठाऊक नाही. तुम्हाला काही सांगायचा मला अधिकार नाही.

तुमची,
शोभनावहिनी


मस्कत, १५ मार्च २०२५

गुरु,

शोभनाने तुला लिहिलं, मला कळलं. घरात जे झालं ते सांगत नाही. तिच्या बांगड्या फुटल्या एवढं सांगतो, आणि त्याची मला लाज वाटते. तुझ्या एका समईने दोन घरं फोडली.

ठीक आहे, मी ठेवला त्याला. मग? उघड्यावर झोपत होता, त्याला छप्पर दिलं. कोणाचं वाईट केलं मी? वाईट तू केलंस, माझ्या भावा. माणसाचा डोळा मी नाही फोडला.

आता विचार कर, तुला आवडतोच ना. तो चोर असेल, तर तू घर वाचवणारा. तो चोर नसेल, तर तू कोण? सुरी घेऊन स्वयंपाक करणाऱ्या माणसावर मागून हल्ला करणारा. तिकडे त्याला काय म्हणतात माहीत आहे? तुझ्याकडेही माझ्यासारखं हिरवंच कार्ड आहे, नागरिकत्व नाही. असला गुन्हा शाबीत झाला, तर तू तुरुंगातून सरळ विमानात. वेद शाळेत आहे. पद्मिनी काय करेल? मी पोलिसांशी खोटं बोललो, म्हणून माझंही कार्ड गेलं, नेत्रा एकटी. एका माणसासाठी दोन कुटुंबं. आणि त्या माणसाला तसंही एक दिवस परत पाठवणारच होते.

एअरपोर्टवर तुला घ्यायला कोण आलं होतं? दोन बॅगा आणि देवाचा फोटो छातीशी धरून उभा होतास. पहिले आठ महिने कोणाच्या घरात राहिलास? त्याच घरात, गुरु. त्याच स्वयंपाकघरात मी तुला कॉफी मशीन चालवायला शिकवलं.

पाया पडतो. थोरला असून पडतो. गप्प राहा.

संजय


पिस्कॅटवे, ८ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मी देवापुढे बसत होतो आणि उठत होतो. तू लिहिलंस त्यातलं काहीच खोटं नाही. तुझ्या घरात मी आठ महिने राहिलो. मी खाल्लेल्या मिठाला जागायचं म्हटलं तर गप्प बसायला हवं.

पण तुला मी पहिल्या पत्रात पूर्ण लिहिलं नव्हतं.

तो माझ्या अंगावर आला नाही. त्याच्या कानात ते इअरफोन होते. मी ओरडलो तेव्हा तो दचकून वळला, आणि हातात सुरी होती कारण तो कांदा चिरत होता. मी मारलं. तो खाली बसला, सुरी सुटून ओट्याखाली गेली. त्याने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, ‘संजय दाइ... संजय दाइ...’

मी ते नाव ऐकलं. स्वच्छ ऐकलं. आणि मी पुन्हा मारलं. मग पुन्हा. डोळा दुसऱ्या फटक्यात गेला. माझ्या हाताला ते थांबवता येत नव्हतं असं मी स्वतःला सांगत आलो, पण तसं नाही. थांबायचं नव्हतं. तुझं नाव त्याच्या तोंडात ऐकून मला राग आला, की हा कोण माझ्या दादाला दाइ म्हणणारा. आत्याच्या समईचा दांडा वाकला तेव्हाच मी थांबलो. त्या दिवशी सकाळी येताना गाडीत मी अथर्वशीर्ष म्हटलं होतं.

माझ्या वकिलाने सांगितलं, एक शब्द बोलू नका, गुन्हा त्याच्यावर आहे, तुमच्यावर नाही. भला माणूस आहे, माझ्या हिताचंच बोलला.

पद्मिनीला रविवारी सगळं सांगितलं, हेही. ती खूप वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘वेदला आधी सांगा. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.’ वेदला सांगितलं. त्याने विचारलं, ‘डिड ही से स्टॉप?’ मी म्हटलं, त्याच्या परीने म्हटलं. तो वर गेला आणि मंडळाची शाल आणून माझ्यासमोर ठेवली. आज सकाळी मी निघालो तेव्हा तो शाळेला गेला नव्हता. पायऱ्यांवर बसला होता. पद्मिनीने माझ्या डब्यात दहीभात भरून दिला, जणू ऑफिसला चाललो आहे.

आधी मी तुझ्या घरी गेलो. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या चुरडल्या, त्यातलं बी कागदात बांधून घेतलं. पुढचं दार लावलं. किल्ली खिशातच होती, ती पोलीस स्टेशनात टेबलावर ठेवली आणि म्हटलं, हे घर दीड वर्ष माझ्या भावाच्या परवानगीने त्या माणसाचं होतं, त्याच्याकडची किल्ली भावाने दिलेली आहे. वहिनींचं नाव सांगितलं. त्यांना विचारा म्हटलं, त्या खोटं बोलणार नाहीत. तुला हे माझ्याकडून आधी कळावं म्हणून घरी येताच लिहितो आहे. उद्या-परवा तुला फोन येईल. परमिट जुलैपर्यंत आहे. ये. विमानतळावर कोणी नसलं तरी मी असेन, मला येऊ दिलं तर.

तिथे तोच डिटेक्टिव्ह होता, पाणी देणारा. म्हणाला, ‘सर, वकील आल्याशिवाय तुम्ही बोलू नये.’ मी म्हटलं, मला माहीत आहे. त्याने मशीन चालू केलं. विचारलं, तो तुमच्यावर चालून आला होता का?

मी म्हटलं, नाही.

खाली पडल्यावर तो काही बोलला का?

मी उत्तर आधी मनात मराठीत म्हटलं, मग इंग्रजीत. माझं इंग्रजी गावच्या शाळेतलं आहे. त्याला समजलं. त्याने मान खाली घालून लिहून घेतलं आणि विचारलं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत?

तेही मी सांगितलं.

तुझा,
गुरुनाथ